डबीतलं नाणं, चिठ्ठीवरचा आकडा आणि सराफ कट्ट्यावरचा भाव

कडक पारदर्शक डबीत बंद केलेलं सोन्याचं नाणं, वर चिठ्ठीवर 'एमएस ७०' असा आकडा, आणि किंमत त्याच वजनाच्या सुट्या नाण्यापेक्षा बरीच जास्त. असं नाणं घ्यावं का, हे विचारणारे लोक आता सोलापुरातही भेटतात. पोरं अमेरिकेत, दुबईत, बंगळुरूत आहेत, मोबाईलवर जाहिराती दिसतात, आणि पाडवा-दसऱ्याला वेढणी घेणाऱ्या घरात आता 'ग्रेडेड कॉइन'ची चर्चा होते.

माझं उत्तर आधीच सांगतो. घरात सोनं असावं, अडीनडीला मोडता यावं, एवढ्यासाठी घेत असाल तर त्या आकड्याला एक रुपयाही जास्त देऊ नका. जुनं, दुर्मिळ, नकली निघण्याची भीती असलेलं नाणं संग्रहासाठी घेत असाल तर डबीतलंच घ्या. या दोन्हीच्या मधे कुठे असाल तर आधी हिशोब करा. तो कसा करायचा तेच इथे लिहितोय.

मी बँकांसाठी सोनेतारणाचं मूल्यांकन करतो. दिवाळीआधी यंत्रमागवाले कामगारांच्या बोनससाठी दागिने घेऊन येतात, जूनमध्ये शेतकरी बियाण्यासाठी येतात, पोरीची फी भरायला आई पाटल्या काढून देते. माझ्यासमोर सोनं येतं ते गरजेच्या वेळी. त्यामुळे विकत घेताना किती हौस होती यापेक्षा, गरज पडल्यावर हातात किती पडणार, हा प्रश्न मला नेहमी मोठा वाटत आला आहे.

आधी हा आकडा काय ते समजून घ्या. विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अशी मोजपट्टी काढली. पुढे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या अमेरिकन कंपन्या निघाल्या. त्या नाणं खरं आहे का हे पाहतात, त्याला आकडा देतात आणि सीलबंद डबीत घालून वर नंबर लावतात. एमएस म्हणजे वापरात न आलेलं नाणं. पीएफ किंवा पीआर म्हणजे खास चकाकी देऊन पाडलेलं प्रूफ नाणं. ७० म्हणजे पाचपट भिंगाखालीही टाकसाळीनंतरचा एकही दोष दिसत नाही. ६९ म्हणजे कुठेतरी बारीकसा काहीतरी आहे. तो तुम्हाला-मला नुसत्या डोळ्यांनी बहुतेक दिसणारच नाही.

आता हे ध्यानात घ्या की आजची बुलियन नाणी, म्हणजे सोनं साठवण्यासाठी घेतली जाणारी नाणी, लाखोंनी पाडली जातात. अमेरिकेचं ईगल १९८६ पासून आहे, कॅनडाचं मेपल लीफ १९७९ पासून, दक्षिण आफ्रिकेचं क्रुगरँड १९६७ पासून. यंत्रं इतकी नेमकी आहेत की टाकसाळीतून सरळ तपासणीला गेलेली नवी नाणी बहुतेक ६९ किंवा ७० लाच येतात. म्हणजे ७० चं नवं ईगल ही दुर्मिळ वस्तू नव्हे. या दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइटवर 'पॉप्युलेशन रिपोर्ट' असतो. कोणत्या वर्षाची किती नाणी कोणत्या आकड्याला आली ते त्यात दिसतं. घेण्याआधी तो उघडा. ७० च्या रकान्यात हजारोंची संख्या असेल तर विक्रेत्याचा 'दुर्मिळ' हा शब्द बाजूला ठेवा. आणि ती संख्या पुढे वाढतच जाते, कारण लोक जुन्या साठ्यातली नाणी नव्याने तपासायला पाठवत राहतात.

चिठ्ठीवर आणखीही बरंच काही लिहिलेलं असतं: 'फर्स्ट स्ट्राइक', 'अर्ली रिलीजेस', कुणाची सही. पहिल्या दोन शब्दांचा अर्थ साच्यातून आधी निघालेलं नाणं असा नाही. विक्री सुरू झाल्यापासून साधारण ३० दिवसांत नाणं तपासणी कंपनीकडे पोचलं, एवढंच त्यातून कळतं. साचा ताजा होता का शिळा, याच्याशी त्याचा संबंध नाही. अशा चिठ्ठीसाठी जास्त पैसे मागणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

आता हिशोब. भाव रोज हलतो, म्हणून सोयीसाठी चोख सोन्याचा भाव तोळ्याला, म्हणजे १० ग्रॅमला, १ लाख रुपये धरू. एक औंसाच्या ईगलमध्ये ३१.१ ग्रॅम शुद्ध सोनं असतं. नाण्याचं एकूण वजन ३३.९३ ग्रॅम भरतं, कारण ते २२ कॅरेटचं आहे. ही दोन वजनं वेगळी आहेत हे कायम लक्षात ठेवा. शुद्ध सोन्याची किंमत झाली ३,११,००० रुपये.

समजा सुटं नाणं ५ टक्के जादा देऊन मिळालं: ३,२६,५५० रुपये. तेच ७० चं नाणं १५ टक्के जादा देऊन: ३,५७,६५०. फरक ३१,१०० रुपयांचा. आता मोडायला गेलात आणि सराफाने २ टक्के कापून घेतलं, तर दोन्ही नाण्यांचे हातात पडतात ३,०४,७८०. मुद्दल परत यायला सुट्या नाण्याच्या बाबतीत भाव १,०७,००० च्या थोडा वर जावा लागतो. डबीतल्या नाण्याला तो १,१७,००० च्या पुढे गेला पाहिजे. फरकाच्या त्याच ३१,१०० रुपयांत त्या दिवशी तीन ग्रॅमहून जास्त चोख सोनं आलं असतं, आणि त्याचं मोल कोणत्याही पेठेत झालं असतं.

वरचे ५, १५ आणि २ टक्के मी उदाहरणाला धरलेत. तुमच्या व्यवहारातले आकडे त्या जागी घाला. भारतात घेताना ३ टक्के जीएसटी धरायला विसरू नका. तो मोडताना परत मिळत नाही, आणि किंमत जितकी फुगलेली तितका तोही फुगतो. म्हणजे चिठ्ठीवरच्या आकड्यावरही तुम्ही कर भरता.

हिशोबातला सगळ्यात मोठा आकडा 'मोडताना कोण किती देणार' हा असतो, आणि तो कोणत्याही जाहिरातीत लिहिलेला नसतो. तो स्वतः जाऊन विचारावा लागतो. मधल्या मारुतीजवळ सराफ कट्ट्यावर जा, ओळखीच्या दोन-तीन पेढ्यांवर डबीचा फोटो दाखवा आणि विचारा, हे आणलं तर काय भावाने घ्याल? मी हे विचारलेलं आहे. एका जुन्या सराफांनी डबी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "मालक, नाणं चांगलंय. पण मला ते काट्यावर ठेवावं लागेल, टंच काढावा लागेल. डबी फोडू का?"

त्यांचं अजिबात चुकलेलं नाही. त्यांचा धंदा वजन आणि टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, यांचा आहे. डबीतल्या नाण्याचं वजन करता येत नाही आणि कसोटीवर घासता येत नाही. टंचाच्या मशिनमधून निघणारे क्ष-किरण फक्त वरचा पातळ थर वाचतात, मधे प्लास्टिक आलं तर त्या वाचनावर कुणी पैसे मोजत नाही. म्हणून डबी फुटते, आणि ती फुटली की आकडाही संपला. तुम्ही ७० ला दिलेले हजारो रुपये त्या प्लास्टिकच्या तुकड्यांबरोबर जातात.

बँकेतही वेगळं काही होत नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या ओळखीच्या एक वहिनी मुलाने अमेरिकेहून आणून दिलेलं असंच नाणं घेऊन आल्या. "भाऊजी, याच्यावर किती मिळतील? मुलगा म्हणतो, साध्या नाण्यापेक्षा हे भारी आहे." मी त्यांना नियम समजावून सांगितला. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या सोने-चांदी तारणाच्या निर्देशांप्रमाणे कर्जासाठी धरायचं ते फक्त वस्तूतल्या सोन्याचं मोल. खडे, कलाकुसर, दुर्मिळता यांचं काहीच जमेला धरायचं नाही. भावही गेल्या ३० दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव यांतला जो कमी असेल तो. नाण्यांवर एका कर्जदाराला एकूण ५० ग्रॅमची मर्यादा आहे, आणि बऱ्याच शाखा फक्त बँकांनी विकलेलीच नाणी घेतात. वहिनींना मी नाणं तसंच घरी नेऊन ठेवायला सांगितलं आणि त्यांचं काम बांगड्यांवर झालं. तारण ठेवायची शक्यता ज्या घरात आहे, त्या घराने नाण्यांपेक्षा हॉलमार्कचे साधे, कमी मजुरीचे दागिने ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. आपल्याकडे बँकेतून किंवा मोठ्या पेढीतून मिळणारं नाणं कार्डात सीलबंद असतं, त्यावर नंबर असतो, '९९९' किंवा '९९९.९' छापलेलं असतं. त्याला लोक ग्रेड समजतात. तो शुद्धतेचा आणि वजनाचा दाखला आहे. नाण्यावर ओरखडा आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. २०१५ मध्ये सरकारने अशोकचक्र आणि गांधीजींची प्रतिमा असलेलं भारतीय सुवर्ण नाणं आणलं, तेही याच प्रकारातलं. अशा सीलबंद कार्डासाठी थोडे जास्त पैसे देणं मला पटतं, कारण ते कार्ड इथला सराफ ओळखतो. विकणारी पेढी परत घेताना सील शाबूत आहे का ते बहुतेक वेळा पाहते, म्हणून ते फोडू नका, बिल त्याच पाकिटात ठेवा. आणि बँकेतून नाणं घेणार असाल तर एवढं माहीत असू द्या की बँक नाणं विकते पण परत विकत घेऊ शकत नाही. ते मोडायला शेवटी पेठेतच यावं लागतं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला जास्त जिव्हाळ्याची आहे.

सोलापुरातल्या जुन्या घरांत गिन्न्या असतात. आजीच्या पेटीत, देवघराच्या खालच्या कप्प्यात, पुतळ्यांच्या माळेबरोबर. गिन्नी म्हणजे ब्रिटिश सॉव्हरिन: ७.९८ ग्रॅम वजन, त्यात ७.३२ ग्रॅम शुद्ध सोनं. यातली काही आपल्या मुंबईच्या टाकसाळीत पाडलेली आहेत, फक्त १९१८ या एकाच वर्षी. घोड्यावरच्या सेंट जॉर्जच्या बाजूला, सालाच्या वर जमिनीच्या रेषेवर बारीक 'आय' हे रोमन अक्षर असतं. त्याच वर्षी तिथे तेवढ्याच वजनाचं १५ रुपयांचं सोन्याचं नाणंही पाडलं गेलं. कंपनी सरकारच्या आणि व्हिक्टोरिया राणीच्या मोहरा त्याहून जुन्या. यांतलं एखादं चांगल्या अवस्थेतलं नाणं संग्राहक सोन्याच्या भावाच्या कितीतरी वर पैसे देऊन घेतो.

आणि इथेच धोका असतो. गेल्या शतकाच्या मध्यात बैरूतकडे सॉव्हरिनच्या नकला मोठ्या प्रमाणावर निघाल्या, आणि त्यातल्या पुष्कळ खऱ्याच २२ कॅरेट सोन्याच्या होत्या. वजन बरोबर, टंच बरोबर. कसोटीवर घासलं तर सोनं खरं, पण नाणं खोटं. मोडायला आणलं तर काहीच बिघडत नाही, सराफ सोन्याचे पैसे देतो. पण १९१८ ची मुंबईची गिन्नी किंवा व्हिक्टोरियाची मोहर म्हणून कुणी तुमच्याकडून दीडपट-दुप्पट घेतले असतील तर सगळी जादा रक्कम बुडाली. हा फरक माझ्यासारखा मूल्यांकनकार सांगू शकत नाही आणि बहुतेक सराफही सांगू शकत नाहीत. तो नाण्यांच्या साच्यांचा अभ्यास केलेला माणूसच सांगतो. तपासणी कंपनीच्या डबीची खरी किंमत मला इथे दिसते: नाणं अस्सल असल्याची हमी. त्यासाठी पैसे जरूर द्या.

अशी डबी घेतानाही तपासा. नकली डब्याही बाजारात आहेत. चिठ्ठीवरचा नंबर विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवरून तपासू नका, कंपनीच्या वेबसाइटवर स्वतः जाऊन टाका. तिथे साल, टाकसाळ, आकडा जुळतो का बघा. नाण्याचा फोटो असेल तर ओरखडे, डाग, लालसर ठिपके एकेक करून हातातल्या नाण्याशी ताडून पाहा. नंबर खरा पण नाणं दुसरंच, अशी फसवणूक होते. डबीच्या कडेला उघडल्याच्या, चिकटवल्याच्या खुणा असतील तर व्यवहार तिथेच थांबवा. पीसीजीएस आणि एनजीसी सोडून दुसऱ्याच नावाची चिठ्ठी असेल तर तो आकडा जगाच्या बाजारात कितपत चालतो हे आधी विचारा. नाही तर सुट्या नाण्याएवढीच किंमत द्या.

घरातल्या जुन्या नाण्यांबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगतो. पहिली, ती घासू नका. दिवाळीआधी दागिन्यांबरोबर गिन्न्याही रिठ्याच्या पाण्यात जातात, ब्रश फिरतो, कधी सोनाराकडून तेजाबात धुवून आणल्या जातात. दागिन्याला ते चालतं. नाण्याचा मात्र मूळचा पृष्ठभाग कायमचा जातो. घासलेल्या नाण्याला तपासणीत १ ते ७० मधला आकडाच मिळत नाही, नुसतं 'डिटेल्स' असा शेरा पडतो. माळेत ओवायला ज्या नाण्याला कडी डाखली होती त्याचंही तेच, नंतर कडी काढून कितीही गुळगुळीत केली तरी. असं नाणं आठवण म्हणून ठेवा, सोन्याच्या भावाने मोजा, आणि त्याच्या डबीवर खर्च करू नका.

दुसरी गोष्ट कायद्याची. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं नाणं हे पुरावशेष ठरतं आणि कुणाही खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. १९१८ ची गिन्नी आता त्यात बसते. 'मुलाकडे अमेरिकेला देते, तो तपासून आणेल' हा बेत कितीही साधा वाटला तरी गुन्हा आहे. अशा नाण्यासाठी मुंबई, अहमदाबाद, बंगळुरूकडच्या परवानाधारक नाणे-लिलाव संस्थांकडे जाऊन मत घ्यावं. नेताना नाणं कडेने धरा आणि मऊ कागदी पाकिटात एकेक वेगळं ठेवा.

परदेशातून नवं नाणं आणणाऱ्यांनाही नियम आहेत. विमानतळावर सोन्याची जी शुल्कमाफी असते ती दागिन्यांना आहे, नाण्यांना आणि बिस्किटांना नाही. नाणं असेल तर लाल मार्गिकेतून जायचं, बिल दाखवायचं, शुल्क भरायचं आणि पावती जपून ठेवायची. ते शुल्कही नाण्याच्या किमतीत मिळवा म्हणजे ते इथे खरोखर कितीला पडलं ते कळेल. मुलगा तिकडेच राहणार असेल आणि तिकडेच विकणार असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आकडा वाचून पैसे देणारा खरेदीदार आहे. तरीही त्याने घेण्याआधी तिथल्या विक्रेत्याला, 'हेच नाणं आज तुम्हाला विकलं तर किती द्याल?' असं विचारावं. घेण्याच्या आणि देण्याच्या भावातलं अंतर डबीतल्या नाण्याला सुट्याच्या दुप्पट-तिप्पट निघालं, तर उत्तर मिळालं.

आता ज्यांच्याकडे अशी डबी आधीच आहे त्यांच्यासाठी. ती फोडू नका आणि घाईने कट्ट्यावर नेऊ नका. गरज असेल तर आधी दुसरं सोनं मोडा. डबी विकायचीच असेल तर नाण्यांच्या संग्राहकाला किंवा लिलाव संस्थेला विचारा, आणि त्यांनी सांगितलेली रक्कम, त्यांची दलाली वजा करून, त्या दिवशीच्या सोन्याच्या किमतीशी ताडून पाहा. फरक किरकोळ असेल आणि पैशाची नड असेल तर सराफाकडे डबी स्वतःच्या समोर फोडून घ्या, काट्यावरचं वजन स्वतः वाचा. ईगलचं ३३.९३ भरलं पाहिजे, आणि पैसे ३१.१ ग्रॅम शुद्ध सोन्याचे मिळाले पाहिजेत. कुणी २२ कॅरेट म्हणून ३१.१ वर पुन्हा कपात लावायला लागला तर त्याला वजनातला हा फरक दाखवून द्या. घेतल्यापासून २४ महिने उलटून गेले असतील तर नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो, म्हणून खरेदीचं बिल शोधून ठेवा. भेट मिळालेलं असेल तर देणाऱ्याचं बिल मागून घ्या.

आणि लॉकरच्या वहीत त्या नाण्यापुढे मराठीत नीट लिहा: नाव, साल, शुद्ध सोनं किती, कितीला घेतलं, डबीचा नंबर, कुणाला विचारून विकायचं. घरातल्या ज्या माणसाला हे माहीत आहे, त्याच्या माघारीच बहुतेक वेळा लॉकर उघडावा लागतो.